पाच वर्षांच्या मुलाच्या हातापायांवर वारंवार उठणारे खाजरे फोड: कारण कुठे आणि कसे शोधावे?

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात देते. पलूस तालुक्यातील शेतवस्तीवर राहणाऱ्या एका आईने लिहिले आहे की, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली, कोपराच्या पुढच्या भागावर आणि कमरेच्या पट्ट्याजवळ पाऊस सुरू झाल्यापासून लहान लहान फोड येत आहेत. ते प्रचंड खाजतात, रात्री जास्त. एक फोड आठ-दहा दिवस टिकतो, मग खपली धरून काळा डाग राहतो आणि तोवर शेजारी नवे उठलेले असतात. नऊ वर्षांच्या बहिणीला काही नाही. मेडिकलमधून आणलेली तीन मलमे लावून झाली. त्यांतील एकाने चार दिवस बरे वाटले. आजीच्या सांगण्यावरून अंडी, शेंगदाणे आणि वांगी बंद केली आहेत आणि आता कोणीतरी रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी सुचवली आहे. घरामागे गोठा आहे, दारात कोंबड्या आणि एक कुत्रा आहे. राखी पौर्णिमेला मुलगा आठ दिवस साताऱ्यात मामाकडे राहिला, तेव्हा नवा फोड एकही आला नाही. परतल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले.

मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. तरीही ताई, आपण लिहिलेल्या हकिकतीतच बरेचसे उत्तर आहे आणि ते रक्ताच्या तपासणीत सापडण्याची शक्यता फार कमी आहे. अंगावरच्या खाजेचे कारण शोधताना मी प्रथम चार गोष्टी विचारते: एकच फोड किती वेळ टिकतो, फोड अंगाच्या कोणत्या भागावर आहेत आणि कोणत्या भागावर अजिबात नाहीत, घरात आणखी कोणाला खाज आहे का, आणि जागा बदलली की फरक पडतो का. या चारही प्रश्नांची उत्तरे आपण न विचारता दिली आहेत, आणि ती चारही एकाच दिशेला बोट दाखवतात.

ती दिशा म्हणजे कीटकदंशाला त्वचेने दिलेली तीव्र प्रतिक्रिया. वैद्यकीय भाषेत याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. डास, पिसवा, ढेकूण किंवा कोंबड्यांच्या खुराड्यातील बारीक किडे चावतात तेव्हा त्यांच्या लाळेतील द्रव्ये त्वचेत शिरतात, आणि मुलाचे शरीर त्या द्रव्यांना नव्याने ओळखू लागलेले असल्यामुळे एवढ्याशा चाव्यावर मोठी, अनेक दिवस टिकणारी गाठ उठते. फोड दोन-दोन, तीन-तीनच्या गटाने किंवा एका ओळीत असतात, आणि ताज्या फोडाकडे उजेडात नीट पाहिले तर मध्यभागी सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. मुलाने नखाने वरचा भाग उडवला असेल तर तो ठिपका सापडत नाही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, खाजवण्यापूर्वीचा सर्वांत नवा फोड शोधून पाहावा. आणखी एक गोष्ट पालकांना फार गोंधळात टाकते. नवा चावा एका पायावर बसतो आणि आठवड्यापूर्वीचे, सुकत आलेले फोड पुन्हा लाल होऊन खाजू लागतात. त्यामुळे एका रात्रीत वीस-पंचवीस फोड आले असे वाटते. प्रत्यक्षात चावे दोन किंवा तीनच असतात.

“कीटक चावत असते तर बहिणीलाही चावले असते” हे आपले म्हणणे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. बहिणीलाही ते चावतच असतात. वर्षानुवर्षे चावे बसल्यानंतर शरीर त्या लाळेला हळूहळू सरावते, म्हणून मोठ्या मुलांना आणि मोठ्या माणसांना क्षणभर खाज येते आणि खूण राहत नाही. आपला मुलगाही काही वर्षांत असाच सरावेल. घरात एकालाच त्रास असणे ही या आजाराची नेहमीची रीत आहे, त्यामुळे तेवढ्यावरून कीटकदंश नाकारू नये.

साताऱ्याच्या आठ दिवसांना मी सर्वांत अधिक महत्त्व देते. खाण्याची ॲलर्जी असती तर मामाच्या घरीही शेंगदाण्याची चटणी आणि अंडी पोटात गेल्यावर फोड उठायला हवे होते. तिथे पथ्य कोणी पाळले नसेल असे मी गृहीत धरते. आपण ते भावाला विचारून खात्री करावी. मूल एका घरात बरे राहते आणि दुसऱ्या घरात परतल्यावर दोन-तीन दिवसांत आजारी पडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा दुसऱ्या घराच्या अंथरुणात, अंगणात किंवा गोठ्यात असते.

मात्र कीटकदंश असे ठरवण्यापूर्वी खरूज नाही याची खात्री करणे अत्यावश्यक आहे, कारण दोन्हींत रात्रीची खाज असते आणि दोन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. आपल्याकडेही हा आजार सर्रास आहे. थंडीच्या दिवसांत, एकाच गोधडीत तीन-चार मुले झोपतात अशा घरांत, ऊसतोड टोळ्यांच्या खोपट्यांत आणि वसतिगृहांत तो अधिक पसरतो. खरजेचा किडा डोळ्यांनी दिसत नाही. तो त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे ती कोणाकडून आली हे घरच्यांना आठवत नाही.

फोडांच्या जागा येथे निर्णायक ठरतात. आज रात्री मुलाला चांगल्या उजेडात बसवून बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काख, बेंबीभोवतीचा भाग, जांघा आणि शिश्न व अंडकोष यांवरील त्वचा पाहावी. मुलाच्या शिश्नावर किंवा अंडकोषावर खाजऱ्या गाठी असतील तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत मी ती खरूजच समजते. वर्षाच्या आतील बाळांत मात्र तळहात, तळपाय आणि डोक्यावरही फोड येतात. याउलट कपड्याबाहेर राहणाऱ्या पोटऱ्या आणि हात यांवरच फोड असतील, बोटांच्या बेचक्या आणि काखा स्वच्छ असतील, तर कीटकदंशाची शक्यता बळावते. कमरेच्या पट्ट्याजवळचे फोड मला थोडे खटकतात. पिसवा चड्डीच्या नाडीपाशी अडकून तिथे चावतात हे खरे, पण खरूजही कमरेला येते. म्हणून ही पाहणी टाळू नका. घरातील सर्वांना, विशेषतः मुलाला जवळ घेऊन झोपणाऱ्या आजीला, “तुम्हाला रात्री खाज येते का” असे स्पष्ट विचारावे. मोठी माणसे लाजेपोटी स्वतःहून सांगत नाहीत.

खरूज निघाल्यास डॉक्टर बहुधा 5 टक्के परमेथ्रिनचे मलम देतील. ते कसे लावले यावर सगळे अवलंबून असते. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांच्या कडांखाली, बेंबीत, जांघांत असे एकही जागा न सोडता लावायचे असते. रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ करावी आणि एक ते दोन आठवड्यांनी हेच पुन्हा करावे. मध्येच हात धुतले तर हातांना परत लावावे. फोड आहेत तेवढ्याच ठिकाणी मलम लावणे हे उपचार फसण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात; धुता न येणारी गोधडी आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली तरी पुरते, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, म्हणून उतावीळपणे रोज मलम चोपडू नये.

इतर कारणे मी थोडक्यात सांगते. अंगावर पित्त उठते तेव्हा गांधी येतात, पण प्रत्येक गांध 24 तासांच्या आत मावळते आणि दुसरीकडे नवी येते. शंका असेल तर एका फोडाभोवती पेनाने गोल काढून दुसऱ्या दिवशी पाहावे. आपल्या मुलाचा एकच फोड आठ-दहा दिवस टिकतो, म्हणजे हे पित्त नव्हे, आणि आमसुलाच्या कोळाने ते जाणार नाही. इसब कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीत येतो, त्वचा मुळातच कोरडी असते आणि घरात अनेकदा दमा किंवा सतत शिंका येण्याचा इतिहास असतो. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात तो हमखास वाढतो. गजकर्ण गोल कडेने पसरते आणि मध्ये साफ होत जाते. शिराळा, पाटण, महाबळेश्वर या भागांत पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, तिथे ते फार दिसते. घामोळे मानेवर, पाठीवर, कपड्यांखाली येते. मोत्यासारखे चकचकीत, मध्ये खळगा असलेले आणि फारसे न खाजणारे फोड विषाणूचे असतात. कांजिण्यांत ताप असतो आणि छाती-पोटावर एकाच वेळी लाल ठिपके, पाण्याचे फोड आणि खपल्या अशा सर्व अवस्था दिसतात. शेतवस्तीवर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: उसाच्या पाल्यावरची बारीक कूस आणि सुरवंटाचे केस. यांची खाज मात्र संपर्क आल्यावर लगेच सुरू होते आणि मुलाला विचारले तर तो कुठे खेळला हे सांगू शकतो.

जंतांमुळे अंगाला खाज येते असाही समज आहे. सुतासारख्या बारीक जंतांमुळे रात्री गुदद्वाराशी खाज येते, पोटऱ्यांवर असे गट करून फोड येत नाहीत. अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक गोळी देतात ती जरूर घ्यावी, पण या फोडांचा उपाय म्हणून नव्हे.

चार दिवस बरे वाटलेल्या त्या मलमाविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या ट्यूबवरील घटक वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे नाव आणि त्याच्यासोबत बुरशीचे व जंतूंचे औषध असेल, तर ते तीव्र स्टिरॉइड मिसळलेले मलम आहे आणि ते मुलाला लावणे आजच थांबवावे. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, म्हणून घरच्यांना गुण आला असे वाटते. पण कीटक चावतच राहतात, खरूज असल्यास ती आतून पसरते आणि तिचे रूप इतके बदलते की अनुभवी डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. गजकर्णावर हेच मलम लावले तर ते झपाट्याने वाढते. लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने हे औषध त्यांच्या रक्तात अधिक शोषले जाते, आणि लावलेल्या जागी त्वचा पातळ होते. योग्य निदानानंतर सौम्य स्टिरॉइड मलम काही दिवस वापरणे वेगळे. ते मीही देते. काउंटरवर मागून आणलेले मिश्र मलम हे वेगळे.

रक्ताच्या ॲलर्जी तपासणीबाबत माझे मत स्पष्ट आहे: या मुलासाठी ती करू नये. अशा तपासणीत एखाद्या पदार्थापुढे आकडा वाढलेला दिसला तरी तो पदार्थ खाल्ल्याने त्रास होतोच असे नाही. अनेक निरोगी मुलांतही असे आकडे येतात. मग त्या कागदाच्या भरवशावर दूध, अंडी, गहू, डाळी एकेक करून बंद होतात, आणि फोड तसेच राहून मुलाचे वजन तेवढे घटते. अंडी आणि शेंगदाणे आपल्या भागात मुलांना सहज मिळणारी चांगली प्रथिने आहेत. पूर्वी हे पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांच्या आत ओठ सुजणे, उलट्या, दम लागणे असे कधी झालेले नसेल, तर ते पुन्हा सुरू करावेत. वांगीही खाऊ द्यावीत. आजींना दुखवू नये, त्यांची काळजी खरी आहे. त्यांना साताऱ्याच्या आठ दिवसांची गोष्टच समजावून सांगावी, ती पटते.

आता घर तपासण्याकडे वळू. रात्री दिवा मालवल्यानंतर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन मुलाच्या अंथरुणापाशी जावे. गादीच्या शिवणी, उशीचे कोपरे, लाकडी पलंगाचे सांधे, बाजेची वीण आणि भिंतीच्या भेगा नीट पाहाव्यात. ढेकूण असतील तर काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे बारीक डाग किंवा त्यांच्या टाकलेल्या कातीच्या टरफलांचा भुगा सापडतो. ढेकूण खाण्यावाचून महिनोन्‌महिने जगतो, म्हणून एकदा उन्हात गादी टाकून काम संपत नाही. शिवणींवर उकळते पाणी, कडक ऊन आणि भेगा बुजवणे हे काही आठवडे चिकाटीने करावे लागते.

आपल्या मुलाचे फोड प्रामुख्याने गुडघ्याखाली आहेत, त्यामुळे पिसवांवर माझा अधिक संशय आहे. कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी आणि पोटाखाली केस बाजूला सारून पाहा. तिथे तपकिरी, झटकन पळणारे किडे किंवा काळी बारीक घाण दिसेल. ती घाण ओल्या कापसावर घेतली आणि लालसर डाग उमटला तर ते पिसवांनी शोषलेले रक्त आहे. पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगावर कमी आणि तो झोपतो त्या पोत्यात, धुळीत, गोठ्याच्या कोपऱ्यात जास्त असतात, म्हणून केवळ कुत्रा धुऊन भागत नाही. पोते जाळावे किंवा उकळत्या पाण्यात धुवावे, जागा झाडून ऊन लागू द्यावे आणि कुत्र्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध घ्यावे. कुत्र्याचे केस झडून त्याला लूत लागली असेल तर तेही दाखवावे. लुतेचे किडे माणसाला काही दिवस खाज देतात, पण माणसाच्या अंगावर वाढत नाहीत. खुराडे घराच्या भिंतीला लागून असेल तर ते दूर हलवावे. डासांसाठी मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, आणि गोठ्याजवळचे पाण्याचे हौद, टायर, डबे आठवड्यातून एकदा रिकामे करणे हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत.

एक धोका मात्र निक्षून सांगते. द्राक्षबागेसाठी, उसासाठी किंवा जनावरांच्या गोचिडांसाठी घरात ठेवलेले औषध गादीवर, पलंगावर किंवा मुलाच्या अंगावर कधीही वापरू नये, कितीही पातळ करून असो. शेतीची कित्येक कीटकनाशके त्वचेतून शोषली जातात. मुलाला अचानक घाम सुटणे, तोंडातून लाळ गळणे, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, श्वास जड होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रॉकेलही लावू नये.

खाज शमवण्यासाठी कॅलामाइन लोशन, थंड पाण्यात पिळलेले फडके आणि वजनानुसार डॉक्टरांनी ठरवलेले सेटिरिझिनसारखे औषध पुरते. नखे दर तीन-चार दिवसांनी कापावीत. खाजवून फोड ओले झाले, मधाच्या रंगाची पिवळी खपली धरली, आजूबाजूचा भाग गरम आणि दुखरा झाला, तर जंतुसंसर्ग झाला आहे. त्याला जंतुनाशक मलम किंवा पोटातून औषध लागते. असा संसर्ग झाल्यावर पुढील काही आठवडे सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा कमी झाली तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो आणि त्याच दिवशी दाखवावे लागते.

फोडांसोबत ताप असेल, काचेचा पेला दाबून पाहिल्यावरही लाल-जांभळे ठिपके फिके होत नसतील, किंवा तापातल्या मुलाच्या काखेत-जांघेत काळी खपली धरलेला, न दुखणारा व्रण दिसला, तर उशीर करू नये. आपल्याला सांगलीचे शासकीय रुग्णालय किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा त्वचारोग विभाग, दोन्ही सोयीचे पडतील. जाताना वापरलेल्या तिन्ही ट्यूब सोबत न्याव्यात आणि रात्री मोबाइलवर काढलेले ताज्या फोडांचे फोटोही दाखवावेत, कारण तपासणीच्या वेळेपर्यंत ते खाजवून ओळखू येईनासे झालेले असतात.

शाळेबाबतही आपण विचारले होते. कीटकदंशाची ही प्रतिक्रिया एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे बालवाडीत पाठवण्यास हरकत नाही. बाईंनी वेगळे बसवले तर डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. खरूज निघाली तर पहिल्या रात्रीचे मलम सकाळी धुतल्यावर तो शाळेत जाऊ शकतो. काळे डाग फिके व्हायला काही महिने लागतील, सावळ्या त्वचेवर थोडे अधिकच. त्यांवर गोरे करणारी कोणतीही क्रीम लावू नका. कुत्र्याचे पोते आणि मुलाचे अंथरूण यांची तपासणी मात्र या आठवड्यातच करावी आणि त्यानंतरचे पंधरा दिवस रोज सकाळी नव्या फोडांची संख्या वहीत लिहून ठेवावी. ती संख्या उतरत गेली तर आपण योग्य कारणावर बोट ठेवले आहे. ती तशीच राहिली तर मुलाला वहीसकट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.